गुडिसन ते गोदी : एका मैदानाच्या पत्त्याचा वाद

खास प्रतिनिधी

लिव्हरपूल शहरातील एव्हर्टन फुटबॉल क्लबच्या इतिहासात २४ ऑगस्ट ही तारीख दोनदा महत्त्वाची ठरली. १८९२ साली याच दिवशी क्लबच्या गुडिसन पार्क या मैदानाचे उद्घाटन झाले. त्यानंतर १३३ वर्षांनी, २४ ऑगस्ट २०२५ रोजी, मर्सी नदीकाठच्या एका जुन्या गोदीत उभ्या राहिलेल्या नव्या मैदानात एव्हर्टनने आपला पहिला साखळी सामना खेळला आणि ब्रायटनला २-० असे हरविले. या दोन्ही मैदानांमधले अंतर जेमतेम तीन किलोमीटरचे. तेवढे अंतर कापायला क्लबला सुमारे पाव शतक लागले. मध्यंतरी किमान चार जागा सुचविल्या गेल्या आणि बारगळल्या, पाठीराख्यांमध्ये उभी फूट पडली, केंद्र सरकारला मध्ये पडावे लागले आणि शेवटी ज्या जागेवर सर्वांचे एकमत झाले, तिच्यापायी शहराच्या जागतिक वारशाच्या दर्जाला अखेरचा धक्का बसला.

मैदान कुठे बांधावे, हा खरे तर वास्तुविशारद आणि हिशेबनीसांनी सोडवायचा प्रश्न. मग त्यावरून हजारो माणसे वर्षानुवर्षे का भांडली? याचे उत्तर शोधायचे तर क्लबच्या जन्मकथेपर्यंत मागे जावे लागते.

भाड्याच्या भांडणातून दोन क्लब

एव्हर्टनचा जन्म १८७८ सालचा, एका चर्चच्या संघातून झालेला. १८८४ पासून हा क्लब अ‍ॅनफिल्ड येथे खेळत असे. होय, आज ज्याला जग लिव्हरपूल क्लबचे घर म्हणून ओळखते, तेच अ‍ॅनफिल्ड. जॉन होल्डिंग नावाचे मद्यउत्पादक तेथील जमीनमालक होते. जागेचे भाडे आणि इतर व्यवहारांवरून त्यांचे क्लबच्या सभासदांशी बिनसले. सभासदांनी बैठक घेऊन बाडबिस्तरा उचलला आणि स्टॅन्ले पार्क या उद्यानाच्या पलीकडच्या बाजूला नवी जागा घेतली. तेच गुडिसन पार्क. इकडे होल्डिंग यांच्याकडे मैदान होते, पण संघ नव्हता. म्हणून त्यांनी नवा संघ काढला आणि त्याचे नाव ठेवले लिव्हरपूल.

मुंबईकर क्रिकेटप्रेमींना ही गोष्ट ओळखीची वाटेल. ब्रेबॉर्न स्टेडियमवरील तिकिटांच्या वाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यात वाद झाला आणि त्यातूनच हाकेच्या अंतरावर वानखेडे स्टेडियम उभे राहिले. जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिला कसोटी सामना झाला. फरक इतकाच की, आपल्याकडे भांडणातून दुसरे मैदान जन्माला आले. लिव्हरपुलात दुसरे मैदान तर आलेच, शिवाय सख्खा शेजारी असलेला प्रतिस्पर्धीही जन्माला आला. त्यामुळे 'आम्ही या शहरातील पहिले' हा एव्हर्टनच्या पाठीराख्यांचा अभिमानाचा मुद्दा आहे. पुढचा सगळा वाद समजून घेताना हे ध्यानात ठेवायला हवे.

घर की संग्रहालय?

खास फुटबॉलसाठी बांधलेल्या जगातील पहिल्या काही मैदानांपैकी गुडिसन एक. आर्चिबाल्ड लीच या त्या काळच्या नामवंत अभियंत्याने त्याच्या प्रेक्षकगॅलऱ्या उभ्या केल्या. १९६६ च्या विश्वचषक स्पर्धेतील पाच सामने येथे झाले. उत्तर कोरियाने तीन गोलांची आघाडी घेतल्यानंतर युसेबिओने एकट्याने चार गोल करून पोर्तुगालला ५-३ असे जिंकून दिले, तो सामना याच मैदानावरचा. १९२७-२८ च्या मोसमात साखळीत ६० गोल करणारा डिक्सी डीन १९८० साली लिव्हरपूलविरुद्धचा सामना पाहत असताना याच मैदानात मरण पावला. मैदानाच्या कडेने शेकडो पाठीराख्यांच्या अस्थी पुरलेल्या आहेत. जागाच उरली नाही, तेव्हा क्लबला ही प्रथा थांबवावी लागली. वडिलांच्या अस्थी जेथे आहेत तेथून उठून जा, असे एखाद्याला सांगणे सोपे नसते.

पण या भावनेला दुसरी बाजूही होती. मैदान घरांच्या रांगांनी वेढलेले. एका कोपऱ्यात तर चक्क चर्च, तेही दोन गॅलऱ्यांच्या बेचक्यात घुसलेले. विस्ताराला वाव नाही. खांबाआड बसून अर्धेच मैदान पाहावे लागे, अशी आसने पुष्कळ. लाकडी खुर्च्या आणि अरुंद जिने. क्षमता ४० हजारांच्या आतबाहेर. १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये दूरचित्रवाणीचा पैसा आला आणि फुटबॉलचे अर्थकारणच पालटले. श्रीमंत ग्राहकांसाठीचे कक्ष, मेजवान्यांची दालने, वर्षभर चालणारे कार्यक्रम यांतून मोठे क्लब कमावू लागले. गुडिसनमध्ये त्यासाठी जागाच नव्हती. म्हणजे राहावे तर क्लब मागे पडणार आणि जावे तर घर सुटणार.

जाणे भाग आहे, हे बहुतेकांना हळूहळू पटत गेले. वाद होता तो कुठे जायचे याचा.

हातातून निसटलेली गोदी

पहिली संधी आली ती सर्वांत देखणी होती. शहराच्या ऐन मध्यभागी, नदीकाठी, किंग्ज डॉक येथे ५५ हजार आसनांचे आणि सरकत्या छताचे मैदान बांधण्याची योजना २००१ च्या सुमारास पुढे आली. सार्वजनिक निधीही मिळणार होता. क्लबने आपल्या वाट्याचे तीन कोटी पौंड तेवढे उभे करायचे होते. ते उभे राहिले नाहीत आणि २००३ साली योजना क्लबच्या हातून गेली. पुढे त्याच जागेवर शहराने संगीत-कार्यक्रम आणि परिषदांसाठी मोठे सभागृह बांधले. मधल्या पिढीच्या पाठीराख्यांमध्ये या अपयशाची सल वर्षानुवर्षे राहिली. त्यानंतर व्यवस्थापनाने कोणतीही जागा सुचविली की, 'किंग्ज डॉक गमावणारे तुम्हीच ना?' हा प्रश्न ठरलेला असे.

हद्दीबाहेरची कर्बी

या सर्व प्रकरणातला सर्वांत कडवट अध्याय कर्बीचा. २००६-०७ मध्ये क्लबने जाहीर केले की, टेस्को ही सुपरमार्केट कंपनी आणि नोझली पालिका यांच्या सहकार्याने कर्बी येथे ५० हजार आसनांचे मैदान बांधायचे. शेजारी टेस्कोचे अवाढव्य दुकान आणि इतर बाजारपेठ. दुकानांच्या विकासातून मिळणाऱ्या पैशाने मैदानाचा बराच भार उचलला जाणार होता. टेस्कोचे तत्कालीन प्रमुख सर टेरी लेही हे स्वतः एव्हर्टनचे निष्ठावंत पाठीराखे. क्लबचे अध्यक्ष बिल केनराइट यांच्याकडे पैसा नव्हता आणि ही योजना कमी पैशात मैदान देत होती. कागदावर यात खोट दिसत नव्हती.

खोट होती ती नकाशात. गुडिसनपासून सुमारे साडेसहा किलोमीटरवर असलेली कर्बी लिव्हरपूल शहराच्या हद्दीबाहेर येते. मर्सीसाइड परगण्यात ती आहे, पण तिची पालिका वेगळी आहे. मुलुंडचा नाका ओलांडला की मुंबई संपते आणि ठाणे लागते. रस्ता तोच, वस्तीही तशीच सलग, पण पत्ता बदलतो. तसाच हा प्रकार. 'एव्हर्टन आपल्या शहरातच ठेवा' अशा अर्थाचे नाव घेऊन पाठीराख्यांची एक संघटनाच उभी राहिली. तिचे म्हणणे स्पष्ट होते : शहरातील पहिला क्लब हद्दीबाहेर गेला, तर शहरात उरेल एकटा लिव्हरपूल क्लब. ज्यांनी आपल्याच भांडणातून जन्म घेतला, त्यांच्या हाती आपण होऊन शहर सोपवायचे का?

हे नुसते भावनिक आक्रंदन नव्हते. विरोधकांकडे व्यवहाराचे मुद्देही होते. त्या वेळी कर्बीला रेल्वेचा एकच मार्ग होता आणि तोही तेथेच संपत असे. पन्नास हजार माणसे सामना संपल्यावर एकाच वेळी बाहेर पडली, तर ती घरी कशी जाणार? गुडिसनला पायी जाण्याची, वाटेत मित्रांना गाठण्याची, ठरलेल्या मद्यगृहात टेकण्याची जी पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, तिचे काय? आणि सुपरमार्केटच्या वाहनतळाला लागून उभ्या राहणाऱ्या मैदानाला ते कसले रूप येणार?

समर्थकांचा प्रतिवादही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर लिव्हरपूलच्या दाट, मोडकळीस आलेल्या वस्त्यांमधली हजारो कुटुंबे कर्बीत वसविण्यात आली. त्यांत एव्हर्टनचे पाठीराखे भरपूर होते. गिरगावातली चाळ सोडून डोंबिवलीला गेलेला माणूस मुंबईकर राहत नाही काय, असा हा सवाल होता. डेव्हिड मॉइस यांनी २००२ साली प्रशिक्षकपद स्वीकारताना एव्हर्टनला लोकांचा क्लब म्हटले होते. मग लोक जेथे राहायला गेले, तेथे क्लब गेला तर बिघडले कुठे? शिवाय कर्बी नको तर दुसरे काय, या प्रश्नाला पैशाच्या दृष्टीने पटेल असे उत्तर विरोधकांपाशी नव्हते. शहराच्या हद्दीतील पर्यायी जागा सुचविल्या गेल्या, परंतु क्लबने त्या मानल्या नाहीत. लिव्हरपूल क्लबबरोबर एकच सामाईक मैदान बांधावे, हा तोडगाही त्या वर्षांत वरचेवर निघत असे. मिलानमध्ये दोन क्लब एका मैदानात नांदतात, मग येथे का नाही? पण यावर दोन्हीकडच्या पाठीराख्यांनी जी नाके मुरडली, तेवढ्यापुरते त्यांच्यात दुर्मीळ एकमत दिसले.

ऑगस्ट २००७ मध्ये क्लबने तटस्थ संस्थेमार्फत मतदान घेतले. ३६ हजार ६६२ जणांना मतपत्रिका गेल्या. बाजूने १५ हजार २३०, विरोधात १० हजार ४६८ मते पडली. म्हणजे मतदान करणाऱ्यांपैकी ५९ टक्क्यांहून थोडे अधिक लोक कर्बीच्या बाजूने होते. क्लबने हा स्पष्ट कौल मानला. विरोधकांचा आक्षेप असा की, मतपत्रिकेबरोबर फक्त एकाच बाजूची माहिती पाठविण्यात आली आणि पर्याय एकच ठेवला गेला. आकडे जरा उलटून पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. जवळपास ११ हजार जणांनी मतच दिले नाही. ते धरले तर बाजूने असणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आत येते. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते, या मतदानाने वाद मिटला नाही याचे मूळ येथेच आहे. 'ही जागा हवी की नको' एवढेच विचारले आणि 'नको' म्हटले तर पुढे काय, ते सांगितलेच नाही, की 'हो' म्हणणाऱ्यालाही आपण निवड केली असे वाटत नाही.

निकाल लागला तो मात्र भलत्याच मुद्द्यावर. नोव्हेंबर २००८ पासून योजनेची जाहीर चौकशी झाली. शेजारच्या पालिकांनी हरकत घेतली होती ती फुटबॉलला नव्हे, दुकानांना. एवढी मोठी बाजारपेठ कर्बीत आली, तर आसपासच्या गावांमधला व्यापार बसेल, असे त्यांचे म्हणणे. नोव्हेंबर २००९ मध्ये तत्कालीन मंत्री जॉन डेनहॅम यांनी मुख्यतः याच कारणावरून परवानगी नाकारली. मतदानात हरलेले जिंकले, पण त्यांच्या मुद्द्यावर नव्हे. शहर, इतिहास, अस्थी यांना नियोजनाच्या कायद्यात रकानाच नव्हता.

त्यानंतर २०१४ साली गुडिसनपासून जवळच असलेल्या वॉल्टन हॉल पार्क या सार्वजनिक उद्यानात मैदान बांधण्याचा विचार झाला. उद्यान वाचवा म्हणून स्थानिक रहिवासी उठले, पैशाची जुळवाजुळव झाली नाही आणि २०१६ मध्ये तो विषय मिटला.

गोदीत भराव, यादीतून नाव बाद

२०१६ च्या फेब्रुवारीत फरहाद मोशिरी हे धनाढ्य उद्योगपती क्लबमध्ये आले आणि प्रथमच खिशात पैसा असताना जागा शोधण्याची वेळ आली. मार्च २०१७ मध्ये ब्रॅमली-मूर गोदीच्या जागेसाठी मालक कंपनीशी २०० वर्षांच्या भाडेपट्ट्याचा करार जाहीर झाला, तोही नाममात्र भाड्याने. १८४८ साली खुली झालेली ही गोदी जेसी हार्टली या विख्यात गोदी-अभियंत्याने बांधलेली. नंतर वापर थांबला आणि सर्वसामान्यांना ती उंच दगडी भिंतीआड दिसेनाशी झाली. आपल्या पूर्व किनाऱ्यावरील गोद्या पाहिलेल्या मुंबईकराला ही भिंत वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. दोन्ही शहरांचे नातेही जुने आहे : १८६१ ते ६५ च्या अमेरिकी यादवीच्या काळात मुंबईहून निघालेल्या कापसाच्या गासड्या लिव्हरपूलच्याच धक्क्यांवर उतरत होत्या.

या जागेवर पाठीराख्यांमधला वाद जवळपास विरघळला. जागा शहराच्या हद्दीत, नदीकाठी आणि किंग्ज डॉकची भरपाई करणारी. दोन टप्प्यांत झालेल्या जनमत-चाचणीत ६० हजारांहून अधिक प्रतिसाद आले आणि कल स्पष्टपणे बाजूने होता. पण या वेळी आक्षेप बाहेरून आला. ही गोदी 'लिव्हरपूल : सागरी व्यापाराचे नगर' या युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळाचा भाग होती. लिव्हरपूलला हा दर्जा मिळाला २००४ साली, चीनमधील सुझाऊ येथे भरलेल्या अधिवेशनात. त्याच अधिवेशनात आपल्या छत्रपती शिवाजी टर्मिनसचे नावही यादीत गेले, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

मैदान बांधायचे म्हणजे गोदीचे पाणी बुजवून टाकायचे. इंग्लंडच्या वारसा संस्थेने याला जोरदार हरकत घेतली. तिचे म्हणणे असे की, बंदराच्या वारशात भिंती आणि मनोरे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच त्यांच्या मधले पाणीही. क्लबचे उत्तर असे होते की, जुन्या भिंती भरावाखाली सुरक्षित राहतील, हायड्रॉलिक मनोरा दुरुस्त करून जपला जाईल आणि वर्षानुवर्षे पडून असलेल्या, बेरोजगारीने गांजलेल्या भागात माणसांची ये-जा सुरू होईल. फेब्रुवारी २०२१ मध्ये नगर परिषदेने एकमताने परवानगी दिली. पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारने हस्तक्षेप न करण्याचे ठरविले. २१ जुलै २०२१ रोजी युनेस्कोच्या समितीने १३ विरुद्ध ५ मतांनी लिव्हरपूलचे नाव यादीतून काढून टाकले. ओमानमधील ओरिक्स हरणांचे अभयारण्य आणि जर्मनीतील ड्रेस्डेनचे एल्ब नदीचे खोरे यांच्यानंतर असा दर्जा गमावणारे हे तिसरेच ठिकाण.

या निर्णयाचे सगळे खापर मैदानावर फोडणे अन्यायाचे होईल. नदीकाठी उंच इमारतींचा जो मोठा प्रकल्प आखला गेला होता, त्यामुळे २०१२ पासूनच लिव्हरपूल धोक्यातील स्थळांच्या यादीत होते. मैदान हे अखेरचे निमित्त. तरीही, क्लबने 'आम्ही पडीक गोदी सुधारली' एवढेच म्हणावे हेही पुरेसे नाही. १८४८ चे पाणी आता परत येणार नाही. आयरिश समुद्रातून उपसलेली चार लाख ८० हजार घनमीटर वाळू त्या जागी बसली आहे.

पत्ता मिळाला, हिशेब उरला

बांधकाम २०२१ च्या उन्हाळ्यात सुरू झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये तेथे एका कामगाराचा अपघाती मृत्यू झाला. सुरुवातीला ५० कोटी पौंडांच्या आसपास धरलेला खर्च वाढत जाऊन ७५ कोटींच्या वर गेल्याचे सांगितले जाते. याच काळात क्लबची आर्थिक घडी पार विस्कटली. खेळाडूंवर केलेला बेहिशेबी खर्च हे त्याचे मुख्य कारण. त्यात मैदानाच्या कर्जाची भर. खर्चमर्यादेचे नियम मोडल्याबद्दल प्रीमियर लीगने २०२३-२४ च्या मोसमात क्लबचे एकूण आठ गुण कापले. मैदानावरील कर्जाचे व्याज कोणत्या खात्यात धरायचे, हाही त्या वादातला एक मुद्दा होता. संघ कसाबसा वरच्या श्रेणीत टिकला. डिसेंबर २०२४ मध्ये मोशिरी यांनी क्लब अमेरिकेतील फ्रीडकिन समूहाला विकला. ज्यांनी मैदान बांधले, त्यांच्या मालकीत तेथे पहिला सामना झाला नाही. किंग्ज डॉक आणि कर्बी या दोन्ही प्रकरणांचे धनी ठरलेले बिल केनराइट ऑक्टोबर २०२३ मध्ये वारले.

१८ मे २०२५ रोजी पुरुष संघाने गुडिसनवर अखेरचा सामना खेळून साउदॅम्प्टनला २-० असे नमविले. प्रशिक्षक होते पुन्हा डेव्हिड मॉइस. सुमारे ५३ हजार क्षमतेच्या नव्या मैदानाला एका विधि-सल्लागार कंपनीचे, हिल डिकिन्सनचे, नाव मिळाले आहे. २०२८ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेचे सामने तेथे व्हायचे आहेत.

कर्बीच्या वेळी विरोधकांनी विचारलेला प्रश्न मात्र नव्या पत्त्यावरही पाठ सोडत नाही. सामना संपल्यावर लोकांनी घरी जायचे कसे? सर्वांत जवळचे सँडहिल्स हे छोटेसे स्थानक चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. त्याच्या दाराशी सामन्याच्या दिवशी गाडीसाठी लांबच लांब रांगा लागतात. मैदानाभोवतीच्या रस्त्यांवर वाहने उभी करण्यास निर्बंध घातल्याने गोदी परिसरातले लहान व्यावसायिक नाराज झाले. तिकडे गुडिसनच्या आसपासच्या मद्यगृहांपुढे आणि खाद्यपदार्थांच्या दुकानांपुढे उलटी अडचण उभी राहिली : दर पंधरवड्याला येणारे ४० हजार गिऱ्हाईक गेले.

गुडिसन पाडून तेथे घरे आणि सार्वजनिक सोयी उभारायच्या, असे आधी ठरले होते. ऐनवेळी तो बेत बदलला. सप्टेंबर २०२५ पासून एव्हर्टनचा महिला संघ तेथे आपले सामने खेळू लागला आहे. चर्च आपल्या कोपऱ्यात आहे आणि मैदानाच्या कडेच्या अस्थींना अद्याप कोणी हात लावलेला नाही.